इंजिनाच्या तेलांतील औषधें

मोटारीच्या सामानाच्या कोणत्याहि दुकानांत गेलें तर इंजिनाच्या तेलाच्या डब्यांशेजारीं लहान लहान बाटल्यांची एक रांग मांडलेली दिसते. या बाटलींतील द्रव तेलांत ओतला म्हणजे इंजिनाची झीज थांबते, त्याचें आयुष्य वाढतें, सकाळीं थंड इंजिन सुरू करतांना धातूवर धातु घासत नाहीं, अशा आशयाचीं आश्वासनें तिच्यावर छापलेलीं असतात. बाटलीची किंमत इंजिनाच्या मानानें क्षुल्लक असते. त्यामुळें ‘गुण आला तर आला, न आला तर बिघडलें काय?’ अशा हिशेबानें पुष्कळ गृहस्थ ती विकत घेतात. मनुष्याच्या औषधाच्या बाबतींत हा हिशेब शहाणपणाचा नव्हे, हें आपण जाणतों. इंजिनाच्या बाबतींत तो कितपत बरोबर आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रश्न साधा दिसतो. तेलांत घातलेलीं हीं पूरक द्रव्यें, ज्यांना बाजारांत ‘ॲडिटिव्ह’ म्हणतात, तीं झिजेपासून खरोखर रक्षण करतात काय? या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दांत उत्तर देणारा मनुष्य निम्मेंच सत्य सांगत असतो. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. मात्र तीं दोन निरनिराळ्या वस्तूंविषयीं खरीं आहेत. हा भेद कसा पडला, हें समजण्यासाठीं सुमारें १४० वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

वंगणाची गरज चाकाइतकीच जुनी आहे. गाडीच्या आंखाला वंगण घातलें नाहीं तर चाक कुरकुरतें आणि आंख झिजतो, हें गाडीवानाला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु दोन पृष्ठभागांच्या मध्यें जाऊन तेल नेमकें करतें काय, हें एकोणिसावें शतक संपत आलें तरी मोठमोठ्या इंजिनिअरांनाहि नीटसें ठाऊक नव्हतें. तें कळलें एका अनपेक्षित घटनेमुळें. इंग्लंडांतील मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनें बेअरिंगांतील घर्षण मोजण्याचें काम बीचम टॉवर नांवाच्या इंजिनिअरकडे सोंपविलें होतें. १८८३ सालीं हे प्रयोग चालले असतां, तेल घालण्याच्या सोयीसाठीं टॉवर यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. आंख फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर येऊं लागलें. त्यांनीं भोंकांत बूच मारलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली. तीहि बाहेर ढकलली गेली. शेवटीं तेथें दाबमापक जोडला. तेव्हां बेअरिंगवरील सरासरी भार दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड असतांना त्या जागीं तेलाचा दाब २०० पौंडांच्या वर गेलेला आढळला.

या घटनेचा अर्थ फार मोठा होता. फिरणारा आंख बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. तो तेलावर तरंगत होता. आंख फिरतांना तेलाला आपल्याबरोबर ओढतो, निमुळत्या फटींत कोंबतो, आणि तेथें उत्पन्न होणारा दाब वरचा सर्व भार उचलून धरतो. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं या क्रियेचें गणित मांडलें आणि तें आजहि प्रमाण मानलें जातें. मोटारीच्या इंजिनांत क्रँकचा दांडा ज्या मोठ्या बेअरिंगांत फिरतो, त्यांचें काम याच तत्त्वावर चालतें. इंजिन वेगानें चालूं लागलें कीं तेथें धातु धातूला लागत नाहीं. मधला तेलाचा पापुद्रा मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागाएवढा असला तरी पुरतो. अशा जागीं तेल योग्य दाटपणाचें, स्वच्छ आणि पुरेसें असलें म्हणजे झालें. जेथें धातूंची गांठच पडत नाहीं, तेथें झीज थांबविल्याचें श्रेय कोणत्याहि औषधाला घेतां येत नाहीं. पुढें जाहिरातींचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी लागेल.

परंतु इंजिनांत अशाहि कांहीं जागा आहेत कीं, जेथें हा तरंगता पापुद्रा टिकत नाहीं. पिस्टन सिलिंडरच्या टोंकाशीं पोंचला कीं क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. गति शून्य झाली कीं तेलाला ओढून नेणारें कोणी उरत नाहीं. झडपा उघडणाऱ्या कॅमचें नाक टॅपेटवर एका अरुंद रेषेंत टेकतें आणि तेथील दाब प्रचंड असतो. इंजिन सुरू होतांना आणि बंद पडतांना मोठीं बेअरिंगेंहि क्षणभर या अवस्थेंतून जातात. अशा जागीं केवळ तेलाच्या दाटपणानें भागत नाहीं. तेथें तेलाचा धातूशीं असलेला स्नेह कामास येतो.

हा स्नेह म्हणजे काय, याचा शोध इंग्लंडांत विल्यम बेट हार्डी आणि त्यांच्या सहकारी आयडा डबलडे यांनीं लावला. १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं या अवस्थेला ‘सीमावर्ती वंगण’ या अर्थाचें नांव दिलें. कांहीं लांबट रेणूंचें एक टोंक धातूला घट्ट धरून बसतें आणि उरलेलें अंग मखमलीच्या लवेप्रमाणें उभें राहतें. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवर अशी लव असली तर, थर केवळ एकदोन रेणूंच्या जाडीचा असूनहि, घर्षण पुष्कळच कमी होतें. याचाच अर्थ असा कीं, दोन तेलें सारख्याच दाटपणाचीं असलीं तरी कठीण प्रसंगीं त्यांतील एक उपयोगी पडेल आणि दुसरें पडणार नाहीं.

ही गोष्ट शास्त्रानें सांगण्यापूर्वींच कारागिरांना अनुभवानें ठाऊक झालेली होती. ज्या एरंडेलाचा चमचा पुढें केला कीं घरांतील मुलें पळून जात, तेंच एरंडेल पहिल्या महायुद्धांत, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळांत, कित्येक लढाऊ विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून लागे. त्या इंजिनांत सिलिंडरच दांड्याभोंवतीं गरगर फिरत आणि आंत येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेशीं तेलाची गांठ पडे. खनिज तेल पेट्रोलांत विरघळून पातळ होई. एरंडेल सहसा विरघळत नसे, आणि धातूला धरूनहि राही. १९०९ सालीं इंग्लंडांत वेकफील्ड यांच्या कंपनीनें बाजारांत आणलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या तेलाचें नांव एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलेलें आहे. एरंडेलाचा दोष हा कीं, तें फार तापलें म्हणजे त्याचा डिंक होतो. खनिज तेल स्वस्त व टिकाऊ, परंतु स्नेहांत उणें. वनस्पतींचें तेल स्नेहाळ, परंतु अल्पायुषी. १९२० च्या सुमारास वेल्स आणि साउथकोंब या दोघा इंग्रज संशोधकांनीं यांतून वाट काढली. तेलबियांच्या तेलांतील स्निग्धाम्लें अगदीं अल्प प्रमाणांत खनिज तेलांत मिसळलीं, तर त्या खनिज तेलाला वनस्पतींच्या तेलाचा बराचसा गुण येतो, असें त्यांनीं दाखविलें. सबंध तेल न बदलतां त्यांत चिमूटभर द्रव्य घालून त्याचा स्वभाव बदलण्याची ही कल्पना होती. आजच्या पूरक द्रव्यांचें मूळ येथें सांपडतें.

याच्याहि आधीं, १९०६ च्या सुमारास, अमेरिकेंतील एडवर्ड ॲचिसन यांनीं ग्रॅफाइटची अतिशय बारीक पूड तेलांत तरंगत ठेवण्याची रीत शोधून काढली होती आणि तसें ग्रॅफाइटयुक्त द्रव्य विक्रीसहि आणलें होतें. त्या काळीं मोटारीचें तेल म्हणजे नुसतें शुद्ध केलेलें खनिज तेल असे. त्यांत दुसरें कांहीं नसे. म्हणून गाडीच्या मालकानें स्वतः त्यांत कांहीं घालून पाहावें, याला त्या काळांत कांहीं तरी अर्थ होता. बाटलीची प्रथा त्या काळांत जन्मली. पुढें काळ पालटला, तेल पालटलें, प्रथा मात्र उरली.

तेल पालटलें कसें, याची हकीकत एका रोगावर दिलेल्या औषधानें दुसरा रोग कसा उत्पन्न होतो, याचा उत्तम नमुना आहे. १९३० नंतर अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीच्या डीझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसूं लागल्या. तेल उष्णतेनें करपे आणि त्याचा लाखेसारखा थर रिंगांच्या खांचांत बसे. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें, तेलांत विरघळणारें, धातुयुक्त साबणाच्या जातीचें एक द्रव्य मिसळून हा मळ सुटा ठेवण्याची युक्ति काढली. रिंगा मोकळ्या झाल्या. परंतु या नव्या तेलांत तांबें आणि शिसें यांच्या मिश्रणाचीं बेअरिंगें कुरतडलीं जाऊं लागलीं. तापलेल्या तेलाचा हवेशीं संयोग होऊन जीं अम्लें बनत, तीं शिसें खाऊन टाकीत. तेव्हां तेलाचें आंबणें थांबविणारें आणखी एक द्रव्य हवें झालें. १९४० ते १९४५ या युद्धकाळांत अमेरिकेंतील रसायनज्ञांनीं यासाठीं ज्या संयुगांचीं पेटंटें घेतलीं, त्यांत जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचें एक संयुग होतें. त्याचें रासायनिक नांव लांबलचक आहे. धंद्यांतील लोक त्याला ‘झेडडीडीपी’ या आद्याक्षरांनींच ओळखतात.

झेडडीडीपी तेलांत आलें तें झीज थांबविण्यासाठीं नव्हे, तर तेल टिकविण्यासाठीं आणि बेअरिंगें गंजूं नयेत म्हणून. पुढें १९५० नंतर अमेरिकेंत झडपा माथ्यावर असलेल्या जोरकस आठ-सिलिंडरी इंजिनांचा प्रसार झाला. त्यांच्या झडपांच्या स्प्रिंगा ताठ होत्या आणि कॅम व टॅपेट झपाट्यानें खरवडून निघूं लागले. तेव्हां असें आढळून आलें कीं, ज्या तेलांत झेडडीडीपी आहे त्यांत ही झीज कितीतरी कमी होते. नेमलेल्या कामापेक्षां न नेमलेलें कामच त्यानें अधिक चांगलें केलें. तेव्हांपासून आजतागायत तें इंजिनाच्या तेलांतील झीजरोधक द्रव्यांत अग्रगण्य आहे.

तें कसें काम करतें, हें कळावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. जेथें दोन धातु एकमेकांवर घासले जातात, नेमक्या त्याच जागीं हें संयुग मोडतें आणि फॉस्फेटचा कांचेसारखा एक थर पोलादावर जमतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे आपल्या केंसाच्या जाडीच्या शतांशाहूनहि कमी. घर्षणानें हा थर झिजतो, पुन्हां जमतो; पोलादाऐवजीं तो स्वतः झिजतो. २०१५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अतिसूक्ष्म टोंकाखालीं हा थर वाढतांना प्रत्यक्ष पाहिला. दाब जसा वाढतो तसा हा थर अधिक वेगानें वाढतो, आणि कांहीं जाडी गांठली कीं त्याची वाढ आपोआप मंदावते, असें त्यांना दिसलें. जेथें गरज, तेथेंच लेप, आणि गरजेपुरताच. याहून चांगली व्यवस्था कोणा वैद्यालाहि सांगतां आली नसती.

तेव्हां पूरक द्रव्यें झिजेपासून रक्षण करतात काय, या प्रश्नाचें पहिलें उत्तर निःशंकपणें ‘होय’ असें आहे. परंतु हीं द्रव्यें त्या लहान बाटलींत शोधावयाचीं नाहींत. तीं तेलाच्या डब्यांतच, कारखान्यांत मोजूनमापून घातलेलीं असतात. आजच्या चांगल्या इंजिन-तेलाचा सामान्यतः दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग हा पूरक द्रव्यांचाच असतो. मळ सुटा ठेवणारीं, अम्ल मारणारीं, आंबणें रोखणारीं, फेंस मोडणारीं, दाटपणा सांभाळणारीं आणि झीज रोखणारीं अशीं अनेक द्रव्यें त्यांत एकत्र नांदत असतात. हें नांदणें सोपें नसतें. त्यांतील पुष्कळांना धातूच्या पृष्ठभागावरच बसावयाचें असतें आणि पृष्ठभाग तर एकच! मळ धुणाऱ्या द्रव्यानें फार जागा अडविली तर झीज रोखणाऱ्याला जागा उरत नाहीं. म्हणून प्रत्येकाचें प्रमाण इंजिनांवर कसोट्या घेऊन ठरवावें लागतें.

आतां दुसरें उत्तर. दुकानांतून आणून वरून ओतलेल्या बाटलीचें काय?

या प्रश्नाचा निवाडा प्रयोगशाळेंत झाला, तसाच सरकारी आयोगापुढेंहि झाला. अमेरिकेंत १९५४ सालीं मिसूरी राज्यांतील सेंट जोसेफ या गांवीं ‘एसटीपी’ या नांवाचें तेलाचें औषध निघालें. मोटारींच्या शर्यतींतून त्याची अफाट प्रसिद्धि झाली. त्यामुळें इंजिन तेल कमी पितें, असें सांगणाऱ्या जाहिराती निघाल्या. या दाव्यांना आधार म्हणून दाखविलेल्या चाचण्या भरंवशाच्या नाहींत, असें अमेरिकेच्या मध्यवर्ती व्यापार आयोगाचें म्हणणें पडलें. १९७८ सालीं कंपनीनें ५ लक्ष डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. शिवाय, आपल्या त्या चाचण्यांवर विसंबूं नये, अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रांतून देण्यासाठीं २ लक्ष डॉलर खर्च करण्याचेंहि कबूल केलें. १९९५ सालीं त्याच नांवाच्या मालाबद्दल त्या वेळच्या मालकांनीं आणखी ८ लक्ष ८८ हजार डॉलर दंड भरून प्रकरण मिटविलें.

याहून गाजलेलें प्रकरण ‘स्लिक ५०’ या औषधाचें. १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट यांना योगायोगानें एक पांढरी, निसरडी भुकटी सांपडली. तीच पुढें ‘टेफ्लॉन’ या नांवानें आपल्या स्वयंपाकघरांतील तव्यांवर आली. ज्या पदार्थाला डोसा चिकटत नाहीं, तो तेलांत घातला तर इंजिनाच्या भागांवरहि त्याचा लेप बसेल, ही कल्पना कोणालाहि पटण्यासारखी होती. परंतु तव्यावरील लेप हा मुद्दाम खरवडलेल्या पृष्ठभागावर भट्टींत भाजून बसविलेला असतो. तेलांत तरंगणारे कण आपण होऊन तसा लेप देत नाहींत. थंड इंजिन सुरू होतांना त्याला फारसें संरक्षण नसतें, या औषधाशिवाय इंजिनें अकालीं निकामी होतात, या औषधाचा लेप भागांवर बसतो, असे दावे जाहिरातींत केले जात. हे दावे खोटे किंवा निराधार आहेत, असा आरोप आयोगानें १९९६ सालीं ठेवला. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेल वापरलें तर बहुतेक इंजिनांना सुरू होतांना पुरेसें संरक्षण असतें, अशी आयोगाची भूमिका होती. १९९७ सालीं हें प्रकरण समेटानें मिटलें आणि ग्राहकांना निदान १ कोटि डॉलरांची भरपाई देण्याचें ठरलें. पुढें ‘ड्यूरा ल्यूब’ या औषधाबाबत २००० सालीं २० लक्ष डॉलरांवर, आणि ‘झीमॅक्स’ या औषधाबाबत २००३ सालीं १० लक्ष डॉलरांवर असाच समेट झाला. समेट म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हें खरें. तथापि, ज्याच्याजवळ भक्कम पुरावा असतो तो सहसा असा समेट करीत नाहीं, असें म्हटलें तर अन्याय होणार नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, विक्रेता तर डोळ्यांदेखत प्रयोग करून दाखवितो, त्याचें काय? त्याच्या टेबलावर एक लहानसें यंत्र असतें. फिरत्या पोलादी कड्यावर तरफेनें एक तुकडा दाबला जातो. साध्या तेलांत तो किंचाळून अडकतो. बाटलींतील थेंब पडतांच कितीहि वजन टाकलें तरी तो फिरत राहतो. हा प्रयोग खोटा नसतो. प्रश्न एवढाच कीं, तो इंजिनाविषयीं कांहीं सांगतो काय? अशा यंत्रावर क्लोरिनयुक्त द्रव्यें फार प्रभावी ठरतात, कारण अतिदाबानें क्लोरिनचा लोखंडाशीं संयोग होऊन एक निसरडा थर बनतो. कांहीं प्रकारच्या दंतचक्रांत, जेथें दांत एकमेकांवर प्रचंड भारानें घसरतात, तेथें गंधकाचीं किंवा क्लोरिनचीं असलीं द्रव्यें खरोखर उपयोगी पडलेलीं आहेत. परंतु इंजिनांत पेट्रोल जळून सतत पाण्याची वाफ उत्पन्न होत असते. पाणी आणि क्लोरिन यांची गांठ पडली कीं हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होण्याचा धोका असतो, आणि बेअरिंगांच्या दृष्टीनें तें विषच. यंत्रावर जें औषध, तें इंजिनांत अपथ्य ठरूं शकतें.

झीज मोजावयाची तर ती इंजिनांतच मोजली पाहिजे. पूर्वीं यासाठीं इंजिन दीर्घकाळ चालवून, मग सुटें करून, प्रत्येक भाग मोजावा व तोलावा लागे. १९४९ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एक चतुर तोड प्रसिद्ध केली. पिस्टनची रिंग अणुभट्टींत ठेवून किरणोत्सर्गी करावयाची आणि इंजिन चालत असतांनाच तेलांत उतरणारे लोखंडाचे कण मापकयंत्रानें मोजावयाचे. तासाभराची झीजहि अशा रीतीनें समजूं लागली. आजकाल तेलाला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीं ठराविक इंजिनांवर ठराविक तास चाचण्या घेतात. या शतकाच्या आरंभीं रूढ झालेल्या एका चाचणींत निसान कंपनीचें २.४ लिटरचें इंजिन १०० तास चालवून कॅमची झीज ठिकठिकाणीं मोजीत असत.

बाटल्यांची परीक्षा मात्र ग्राहकांच्याच एका संस्थेनें घेतली. अमेरिकेंतील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या मासिकानें न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी निवडल्या, प्रत्येक टॅक्सी सुमारें ६० हजार मैल चालूं दिली आणि शेवटीं इंजिनें उघडून झीज मोजली. कांहीं टॅक्सींत नुसतें तेल होतें, कांहींत स्लिक ५० किंवा एसटीपी हीं औषधें घातलेलीं होतीं. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषधांचा म्हणण्यासारखा लाभ आढळला नाहीं. या परीक्षेला एक मर्यादा होती आणि ती सांगितली पाहिजे. टॅक्सी दिवसरात्र चालते. तिचें इंजिन क्वचितच थंड पडतें. आणि औषधवाल्यांचा मुख्य दावा तर थंड इंजिनाविषयींच होता.

थंड इंजिन अधिक झिजतें, हा दावा मुळांत असत्य नाहीं. त्याचें कारण मात्र जाहिरातींत सांगतात त्याहून बरेंच निराळें आहे. १९३० ते १९४० या दशकांत इंग्लंडांत सी. जी. विल्यम्स यांनीं सिलिंडरच्या झिजेवर दीर्घ संशोधन केलें. सिलिंडर थंड असला कीं झीज अनेक पटींनीं वाढते, आणि तिचें मोठें कारण नुसतें घासणें नसून गंजणें हें आहे, असें त्यांनीं दाखविलें. जळलेल्या इंधनांतील अम्लयुक्त वाफ थंड भिंतीवर दंवासारखी जमते आणि धातु खाते. या झिजेवर उपाय म्हणजे इंजिन लवकर तापणें, आणि तेलांत अम्ल मारणारें क्षारधर्मी द्रव्य असणें. हें द्रव्य, म्हणजे डीझेलच्या रिंगा मोकळ्या करणाऱ्या त्या साबणाचा वंशज, तेलाच्या डब्यांत आधींच असतो. तो हळूहळू खर्च होतो, म्हणूनच तेल वेळेवर बदलावयाचें असतें. जी गाडी रोज मैलभर जाऊन थांबते, तिच्या तेलाला लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षां अधिक त्रास होतो.

‘लाभ नाहीं, तर निदान तोटा तरी काय?’ हा मूळचा प्रश्न उरतो. पैशाचा तोटा उघडच आहे. दुसरा तोटा हवेचा आहे. १९७५ पासून अमेरिकेंतील मोटारींना धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक यंत्र बसविलें जाऊं लागलें. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना तें सक्तीचें झालें. झेडडीडीपीमधील फॉस्फरस थोडाथोडा जळून या यंत्रावर जाऊन बसतो आणि तें निकामी करीत जातो. त्यामुळें तेलांतील फॉस्फरसवर मर्यादा आली. २००४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानें तो जास्तींत जास्त ०.०८ टक्के असावा असें ठरविलें, आणि त्याचबरोबर कमींत कमी ०.०६ टक्के असलाच पाहिजे, असेंहि ठरविलें. या दोन आंकड्यांत सगळा इतिहास सांठविला आहे. त्याहून कमी घातला तर इंजिनाला धोका, अधिक घातला तर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला, आणि पर्यायानें आपल्या फुप्फुसांना धोका. इतक्या अरुंद वाटेवर बेतलेल्या तेलांत आपण अंदाजानें आणखी एक बाटली ओततों, तेव्हां तो तोल आपण स्वतःच्या हातानें बिघडवीत असतों.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्या जुन्या इंजिनांत कॅम सपाट टॅपेटवर घासत जातो आणि ज्यांना उत्प्रेरक यंत्र नाहीं, अशा जुन्या मोटारी हौसेनें सांभाळणारे लोक आहेत. त्यांच्या इंजिनांना आजच्या तेलांतील मर्यादित फॉस्फरस कमी पडण्याचा संभव असतो. तथापि, त्यांनींहि अशा इंजिनांसाठींच तयार केलेलें तेल घ्यावें. घरीं मिश्रण करूं नये. तसेंच, धूर ओकणाऱ्या जीर्ण इंजिनांत एखादें दाट औषध घातलें तर कांहीं दिवस धूर कमी दिसतो, हेंहि खरें. पण त्यानें झिजलेली रिंग भरून येत नाहीं. रोग झांकला जातो एवढेंच.

हा सर्व इतिहास पाहिला म्हणजे बाटलीच्या विक्रेत्याचें यश कशांत आहे, हें ध्यानीं येतें. त्यानें असत्य सांगितलें म्हणून नव्हे, तर दुसऱ्या ठिकाणचें सत्य आपल्या मालाला चिकटविलें म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पूरक द्रव्यें झीज रोखतात, हें सत्य आहे. थंड इंजिन अधिक झिजतें, हेंहि सत्य आहे. टेफ्लॉन निसरडें असतें, हें तर प्रत्येक गृहिणी जाणते. या तीन सत्यांना जोडून जें चौथें वाक्य तयार होतें, तें मात्र कोणीं सिद्ध केलेलें नसतें. तें सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. घेणाऱ्यानें तें असिद्ध करून दाखवावें, अशी अपेक्षा धरणें हा व्यवहार नव्हे.

म्हणून गाडीच्या मालकानें करावयाचें तें थोडेंच आहे. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी, तींत सांगितलेल्या दाटपणाचें व दर्जाचें तेल विश्वासू ठिकाणाहून घ्यावें, त्याची पातळी अधूनमधून पाहावी, आणि तेल व गाळणी ठरल्या वेळीं बदलावी. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले एकदोन मैल गाडी सौम्यपणें चालवावी. टॉवर यांच्या उडालेल्या बुचापासून झेडडीडीपीच्या थरापर्यंत जें कांहीं ज्ञान मनुष्यानें मिळविलें, तें सारें त्या तेलाच्या डब्यांत आधींच उतरलेलें आहे, आणि त्याची किंमतहि आपण एकदां दिलेली आहे.